देवळाच्या फोटोपासून बोधचिन्हापर्यंत

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल याच ठिकाणी आपण कीर्तन ऐकले. त्या आसनाच्या शेजारी उभे राहून बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी तहसील कचेरीतील एक कारकून. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. पुढे कचेरीत संगणक आले, एम.एस.-सी.आय.टी.ची परीक्षा दिली आणि थोडाफार हात बसला. त्यामुळे पावतीपुस्तकावर, कमानीवर आणि या स्मरणिकेवर जे बोधचिन्ह आपण पाहता, ज्याला आपली तरुण मंडळी लोगो म्हणतात, ते करून घेण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले. त्या कामाविषयी चार शब्द सांगावेत, अशी अध्यक्षांची आज्ञा झाली म्हणून उभा आहे.

हे काम चालू असताना गावात एक प्रश्न अनेकांनी विचारला. "देवळाचा फोटो आहे की घरात! तोच छापा. वेगळे चित्र कशाला, आणि त्याला पंधरा दिवस कशाला?" प्रश्न रास्त आहे. वर्गणी लोकांची आहे, तेव्हा लोकांनी विचारलेच पाहिजे. त्याचे उत्तर द्यावे, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम फोटो म्हणजे काय ते पाहू. वर्तमानपत्रातील एखादे छायाचित्र भिंगाखाली धरून पाहा. त्यात चेहरा दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात. संगणकातला फोटोही तसाच, बारीक चौकोनी ठिपक्यांचा असतो. आपल्याकडे जुन्या देवळाचा जो फोटो आहे, तो ४ इंच रुंद आणि ६ इंच उंच आहे. तो स्कॅनर यंत्रावर ६०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके या हिशेबाने उतरवला. रुंदीत २४०० आणि उंचीत ३६०० ठिपके झाले. गुणाकार केला तर ८६ लाख ४० हजार ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग संगणकात लिहिलेला असतो. पण हा ठिपका शिखराचा, हा चिंचेच्या पानाचा आणि हा विजेच्या तारेचा, हे त्यात कोठेही लिहिलेले नसते.

आता हा फोटो कमानीवर १० फूट रुंद छापायचा म्हटला, तर तो ३० पट मोठा करावा लागतो. ठिपके तेवढेच राहतात. एका इंचात ६०० होते, तेथे २० उरतात. लांबून ते चालून जाते, पण जवळ गेले की कडा करवतीच्या दात्यासारख्या दिसतात. उलट, तोच फोटो पावतीवर दीड सेंटिमीटरचा केला की शिखर, झाड, माणसे सगळे मिळून एक काळा डाग होतो. रबरी शिक्क्याची गोष्ट तर त्याहून अवघड. शिक्क्याला शाई लागते किंवा लागत नाही. निम्मी शाई त्याला ठाऊक नाही. फोटोमधल्या फिकट-गडद छटा शिक्क्यात उतरत नाहीत. पाथरवटाच्या छिन्नीलाही त्या काढता येत नाहीत, आणि पितळी पाटीवर कोरणाऱ्यालाही नाही.

म्हणून दुसऱ्या जातीचे चित्र करावे लागते. त्याला व्हेक्टर म्हणतात. शब्द परका असला तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. मोजणीदार शेतात येतो तेव्हा तो बांधावरचे गवत आणि बाभळी काढीत बसत नाही. बांध जेथे वळतो तेथे तो खूण धरतो आणि खुणा रेषेने जोडतो. नकाशा तयार होतो तो एवढ्यावरच. जुन्या गावनकाशांवरून गटांच्या हद्दी अशाच बिंदू-रेषांनी संगणकात उतरवण्याचे काम आपल्या राज्यात झालेले आहे. म्हणून तर आज मोबाईलवर गट नंबर टाकून नकाशा पाहता येतो आणि तो कितीही मोठा केला तरी हद्दीची रेघ फाटत नाही. व्हेक्टर चित्र ते हेच. त्यात ठिपक्यांचे रंग नसतात. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ, तिला इतका बाक, आणि आत अमुक रंग, एवढेच लिहिलेले असते. आकार बदलला की संगणक तोच हिशेब नव्याने मांडतो. त्यामुळे ते चित्र शिक्क्याएवढे करा किंवा कमानीएवढे करा, कड स्वच्छ राहते.

बाक कसा लिहायचा, हा प्रश्न फ्रान्समध्ये मोटारीचा पत्रा वळवणाऱ्यांना पडला होता. १९६० च्या आसपास सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्झो आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए या दोघांनी त्याचे गणित स्वतंत्रपणे बसवले. बेझिए यांचे नाव त्या वक्ररेषेला पडले. पतंगाच्या कामटीवरून ते समजते. कामटीची दोन टोके धरली आणि प्रत्येक टोक कोणत्या दिशेने किती ओढायचे ते ठरवले, की मधला बाक आपोआप ठरतो. संगणकात प्रत्येक बिंदूला असे लहान दांडे असतात. ते उंदराने, म्हणजे माऊसने, ओढले की कळसाचा फुगवटा कमी-जास्त होतो.

आता कोणी म्हणेल, संगणक एवढा हुशार आहे तर फोटो आत टाकावा आणि चिन्ह बाहेर यावे. तशी सोय आहे. इंकस्केप नावाचा एक कार्यक्रम २००३ पासून सर्वांना फुकट मिळतो. छापखान्यातून कोरलड्रॉ वापरतात, तो १९८९ सालचा. दोन्हींत फोटोवरून आपोआप रेषा काढण्याची कळ आहे. आम्ही ती दाबून पाहिली. संगणकाने काळे आणि पांढरे यांची सीमा जेथे जेथे सापडली तेथे तेथे इमानाने रेघ मारली. विजेची तार शिखराला चिकटली. चिंचेच्या फांदीची सावली भिंतीला भोक पडल्यासारखी आली. पायरीवर बसलेल्या मुलाचे डोके आणि मागचा खांब एक झाला. बिंदू हजारोंच्या संख्येने झाले आणि देऊळ कोठे आहे ते शोधावे लागले. यंत्राचा यात दोष नाही. रंग कोठे बदलतो हे त्याला कळते. देऊळ कोठे संपते, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

या बाबतीत एक मोठा दाखला आपल्या सर्वांच्या खिशात आहे. नाण्यावरचे सिंह पाहा. सारनाथ येथे १९०५ च्या सुमारास उत्खननात अशोकाच्या स्तंभाचे शीर्ष सापडले. सुमारे सात फूट उंचीचा तो दगड आजही तेथील संग्रहालयात आहे. त्यावर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेले आहेत. त्यांच्या खालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह आहेत, आणि सर्वांत खाली घंटेच्या आकाराचे उलटे कमळ आहे. २६ जानेवारी १९५० रोजी भारत सरकारने त्यावरून राष्ट्राचे चिन्ह स्वीकारले. त्या चिन्हात तीनच सिंह दिसतात, कारण चौथा मागे आहे. पट्टीवर मध्ये चक्र, उजवीकडे बैल आणि डावीकडे घोडा एवढेच येते. कमळ तर वगळलेच आहे. खाली 'सत्यमेव जयते' ही अक्षरे आहेत, ती मात्र मूळ दगडावर नाहीत. म्हणजे काय ठेवायचे, काय सोडायचे आणि काय जोडायचे, हे माणसांनी बसून ठरवले. तरीही ते सारनाथचेच आहे, हे पाहणाऱ्याला कळते.

दुसरा दाखला निवडणुकीचा. निवडणुकीच्या कामावर आम्हा कचेरीच्या माणसांना जावेच लागते, म्हणून तो मला जवळचा. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षर माणसे शंभरात अठराच्या आसपास होती, आणि त्याच सुमारास पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. नाव वाचता येत नसलेल्या माणसाने मत कसे द्यायचे? त्यासाठी चिन्हे आली. मतपत्रिकेवर बोटभर जागेत, एका रंगात छापलेले चिन्ह म्हातारीलाही ओळखता आले पाहिजे, ही त्याची कसोटी. आपल्या चिन्हालाही आम्ही तीच कसोटी लावली.

आता आपल्या गावात काय ठरले, ते सांगतो. कारण खरे काम तेथे होते. हाताने रेषा काढायला तीन संध्याकाळी पुरल्या. बाकीचे दिवस काय काढायचे हे ठरवण्यात गेले.

पहिला प्रश्न निघाला तो नाथांच्या मूर्तीचा. काही मंडळींची इच्छा होती की, चिन्हात नाथांचे मुख असावे. त्यावर वडीलधाऱ्यांनी सांगितले की, पावती खिशात चुरगळते, वाऱ्याने उडते, पायाखाली येते. देवाचे मुख रस्त्यावर पडलेले आपल्याला पाहवेल काय? हा विचार सर्वांना पटला. मूर्ती गाभाऱ्यात राहिली, आणि चिन्हात देवळाची बाह्यरेषा आली.

दुसरा प्रश्न यापेक्षा कठीण होता. शिखर कोणते घ्यायचे, जुने की नवे? जुने वीट-चुन्याचे शिखर पिंपळाच्या मुळांनी फोडले होते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी ठिबकत होते, म्हणून ते उतरवावे लागले. नवे शिखर उंच आहे, देखणे आहे, आणि त्यासाठी आपल्यापैकी अनेकांनी घामाचा पैसा दिला आहे. ज्यांनी दिले त्यांना वाटणे साहजिक होते की, जे बांधले तेच चिन्हात दिसावे. दुसरी बाजू अशी की, नवे शिखर तर आता प्रत्येकजण एस.टी.तून उतरताच पाहतो. जुने शिखर फक्त या एका फोटोत उरले आहे. पुढच्या पिढीने ते कोठे पाहायचे? बैठकीत आवाज चढले, हे मी लपवीत नाही. निर्णय एकमताने झाला नाही. बहुमताने जुने शिखर ठरले. नव्या मंदिराचे रंगीत छायाचित्र स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर घ्यावे, असेही त्याच वेळी ठरले. ज्यांचे मत वेगळे होते त्यांनी नंतर कामात हात आखडता घेतला नाही, याबद्दल सर्वांच्या वतीने मी त्यांचे आभार मानतो.

तिसरी गोष्ट दीपमाळांची. चित्र काढणाऱ्या मुलाने सोय म्हणून डावी बाजू काढली आणि आरशातल्यासारखी उलटवून उजवीकडे बसवली. देवळाच्या चित्रात ही पद्धत नेहमीची आहे. त्याने वेळ वाचतो आणि दोन्ही बाजू तंतोतंत येतात. कच्चे चित्र मंदिरात लावले, तेव्हा एका आजींनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "ही आपली दीपमाळ नव्हं. उजवीचा वरचा टप्पा पडलेला हाय. तिथं त्रिपुरीला माझा हात पोचायचा, डावीला नाही पोचायचा." फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. झाडाच्या सावलीत ती बाजू अंधारी होती, पण आजींचे म्हणणे खरे होते. उजवी दीपमाळ एका टप्प्याने बुटकी. काहींनी सुचवले की, पडका टप्पा चिन्हात कशाला दाखवायचा, दोन्ही सारख्याच शोभतील. परंतु दोन सारख्या दीपमाळा शंभर गावांना आहेत. एक उंच आणि एक बुटकी, हे पाहिले की आपल्या माणसाला परगावीसुद्धा आपले देऊळ ओळखू येते. म्हणून ती बुटकीच ठेवली. पावती हातात घ्याल तेव्हा उजवीकडे अवश्य पाहा.

फोटोतील बाकी सर्व वगळले. चिंच गेली, खांब गेला, मंडपाचे कापड गेले. पायरीवर बसलेली पाच मुलेही गेली. त्यांतले काहीजण आज मोठे होऊन या सभेत समोर बसले आहेत. "आम्हाला का काढले?" असे त्यांनी हसत विचारले. त्यांना सांगतो की, तो मूळ फोटो जसाच्या तसा, काहीही न कापता, या स्मरणिकेत छापला आहे आणि चौकटीत घालून सभामंडपात लावला आहे. चिन्ह झाले म्हणून फोटोची किंमत कमी होत नाही. त्या दिवशी कोण होते, ऊन किती होते, झाड केवढे होते, हे फोटोच सांगणार. चिन्हाने फक्त गावाची ओळख सांगायची.

शेजारच्या गावांतील मंडळी आज येथे आहेत. त्यांनाही असे काम करायचे असेल, म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो.

जुन्या फोटोचा मोबाईलने फोटो काढू नका. चकाकी येते आणि कडा वाकतात. सपाट काचेच्या स्कॅनरवर उतरवून घ्या. खालून वर काढलेल्या फोटोत शिखर वर निमुळते आणि मागे झुकल्यासारखे दिसते. तो कॅमेऱ्याचा खेळ आहे. जुने मोजमाप किंवा जाणत्या माणसाची आठवण घेऊन ते सरळ करावे.

फोटो संगणकात खालच्या थरावर ठेवून त्याला कुलूप लावावे, म्हणजे तो हलत नाही. वरच्या थरावर हाताने रेषा काढावी. बिंदू जितके कमी, तितकी रेषा सुबक. मोजणीदाराचाच नियम: जेथे वळण आहे तेथेच खूण. आपल्या शिखराची एक बाजू नऊ बिंदूंत बसली.

चित्र प्रथम एकाच काळ्या रंगात पुरे करावे. काळ्यात जे उभे राहत नाही, ते रंगाने सावरत नाही. मग ते एक इंचाच्या शिक्क्यात करून पाहावे, पावतीवर छापून त्याची झेरॉक्स काढावी, आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढावी. ज्या रेषा बुजतात त्या जाड कराव्यात किंवा काढून टाकाव्यात. आमच्या पहिल्या चित्रात शिखरावर बारा लहान कोनाडे होते. शिक्क्यात ते भरून गेले. आता चार आहेत. देवळाखालचे नाव छापखान्यात देण्यापूर्वी अक्षरांचेही रेषांत रूपांतर करून घ्यावे, त्याला ते लोक कर्व्ह करणे म्हणतात. नाही तर आपला मराठी फॉन्ट त्यांच्या संगणकात नसला की वेलांटी एकीकडे आणि जोडाक्षर दुसरीकडे जाते. देवाच्या नावाचे असे झालेले कोणालाच आवडणार नाही.

फोटो कोणाचा, हेही पाहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे त्यावर हक्क चालतो. इंटरनेटवर दिसला म्हणून घेतला, असे करू नये. आम्ही ज्यांनी फोटो काढला त्यांची लेखी संमती घेऊन ती दप्तरात लावली आहे.

आणि शेवटची गोष्ट, जी मला कारकून म्हणून सर्वांत महत्त्वाची वाटते. चिन्ह ही शोभेची वस्तू खरी, पण ते पावतीवर आहे आणि पावतीवर पैसे आहेत. व्हेक्टर फाईल एकदा बाहेर गेली की कोणीही हुबेहूब पावतीपुस्तक छापू शकतो. ते खोटे आहे असे नुसते चिन्ह पाहून ओळखता येणार नाही. म्हणून मूळ फाईल, एसव्हीजी आणि पीडीएफ अशा दोन्ही प्रकारांत, दोन ठिकाणी ठेवली आहे: एक अध्यक्षांकडे, एक चिटणिसांकडे. छापखान्यास ती कधी दिली, कशासाठी दिली, याची नोंद वहीत आहे. आपण तिचे नुसते चित्र मोबाईलवर जरूर पाठवा, मूळ फाईल मागू नका. आणि देणगीदारांना माझी हात जोडून विनंती आहे की, चिन्ह पाहून पैसे देऊ नका. पावतीचा क्रमांक पाहा, सही पाहा, शंका आली तर समितीला विचारा. आपला न्यास नोंदणीकृत आहे, हिशेब तपासला जातो, आणि तो पाहण्यास कोणालाही आडकाठी नाही. लोकांचा विश्वास चिन्हाने मिळत नाही, हिशेबाने मिळतो. तो विश्वास कोठे ठेवला आहे, एवढीच खूण चिन्ह दाखवते.

बंधू-भगिनींनो, काही वर्षांनी हे शिखर आणि ही कमानही जुनी होईल, रंग उडेल, आणि आपल्या मुलाबाळांना पुन्हा वर्गणी काढावी लागेल. त्या वेळी त्यांच्या हातात ही पावती पडली, तर एवढे त्यांना निश्चित कळेल की, आपल्या देवळाला एक उंच आणि एक बुटकी अशा दोन दीपमाळा होत्या, आणि वाडवडिलांनी ती बुटकी लपवली नाही.



नाथांच्या नावानं चांगभलं!